जप्त केलेले फोन वाचणारी माणसे कोकणातच तयार करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन फसवणुकीची बातमी हल्ली आपल्या दैनिकात दिवसाआड असते. कुणाला ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून निवृत्तीची पुंजी लुबाडली, कुणी हापूसच्या पेट्यांचे आगाऊ पैसे घेऊन नंबर बंद केला, कुणाच्या मुलीचे फोटो बदलून फिरवले. बातमीच्या शेवटी ठरलेले वाक्य असते, ‘पोलिसांनी मोबाइल जप्त केला असून अधिक तपास सुरू आहे.’ त्यानंतर त्या मोबाइलचे काय होते, हे कुठे छापून येत नाही. मी ते बरीच वर्षे जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले आणि सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा उत्तरार्ध जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या ठाण्यांत मुद्देमाल कारकून म्हणून गेला. गुन्ह्यात जप्त झालेली प्रत्येक वस्तू माझ्या रजिस्टरमधून जायची. माझी मागणी आधीच सांगून टाकते. डिजिटल फॉरेन्सिक (फोन-संगणकातला पुरावा शास्त्रशुद्ध रीतीने काढून तपासणे) आणि सायबर सुरक्षा या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्या कोकण किनारपट्टीच्या मुलामुलींना राज्य सरकारने पूर्ण अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) द्यावी, आणि शिकून झाल्यावर त्यांना आपापल्या जिल्ह्यातच पक्क्या पदावर काम द्यावे. पत्र थोडे लांबणार आहे, पण विषय दोन ओळींत मावणारा नाही.

मुद्देमालाची खोली बहुधा ठाण्याच्या मागच्या अंगाला असते. मी हे काम हाती घेतले तेव्हा तिथे कोयते, काठ्या, हातभट्टीचे कॅन, तोडलेले खैराचे ओंडके आणि चोरीच्या मोटारसायकली असत. कोयत्याला गंज चढला तरी खटला उभा राहीपर्यंत तो पंचनाम्यातला कोयताच राहतो. पुढे पुढे कपाटात खाकी लिफाफे वाढत गेले. प्रत्येक लिफाफ्यात एक फोन, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, फोनचा ओळख क्रमांक म्हणजे आयएमईआय नंबर, गुन्हा रजिस्टर नंबर आणि लाखेचे सील. जून ते सप्टेंबर हे लिफाफे कोकणातल्या दमट हवेत पडून असायचे. बॅटऱ्या फुगायच्या. चिठ्ठीवरची शाई पसरू नये म्हणून मी लिफाफे प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचे.

फोन हा जिवंत पुरावा आहे, हे तेव्हा आम्हाला कुणी नीट सांगितले नव्हते. चालू स्थितीत, एकदा तरी उघडलेला फोन तज्ज्ञाच्या हाती पडला तर त्यातून बरेच काही निघू शकते. तोच फोन बंद पडला आणि पुन्हा चालू केला, तर पासवर्ड मिळेपर्यंत आतला बहुतेक मजकूर कुलूपबंद राहतो. नेटवर्कला जोडलेला राहिला तर गुन्हेगार लांबूनच तो पुसून टाकू शकतो. म्हणून फोन ताब्यात घेतल्यावर तो आधी नेटवर्कपासून तोडायचा, लहरी अडवणाऱ्या पिशवीत घालायचा, शक्य तितका चार्ज ठेवायचा आणि लवकरात लवकर तज्ज्ञापर्यंत पोचवायचा. आमच्याकडे काय व्हायचे, तर फोन बंद करून लिफाफ्यात जायचा, मग पत्रव्यवहार, मग प्रयोगशाळेची तारीख, मग एखादा शिपाई एसटीने नाहीतर कोकण रेल्वेने पाच-सहा लिफाफे घेऊन मुंबईला किंवा घाटावर जायचा आणि पोच घेऊन परत यायचा. अहवाल यायला महिनोन् महिने लागत, काहींना वर्ष उलटून जाई. प्रयोगशाळेतल्या लोकांना मी दोष देणार नाही. चार डोकी आणि राज्यभरातून येणारा ढीग, ती माणसे तरी काय करतील?

पण या उशिराची किंमत कोण मोजतो? २०२१ च्या आयटी नियमांनुसार समाजमाध्यम कंपन्यांनी काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची माहिती १८० दिवस जपून ठेवायची असते. म्हणजे सहा महिने. आमचा अहवाल येऊन त्यातून खात्याचे नाव कळेपर्यंत ती मुदत कितीदा तरी संपलेली असायची. बंदरावरच्या किंवा दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण तर काही दिवसांतच नव्या चित्रीकरणाखाली पुसले जाते. शिवाय फोन एकट्या आरोपीचाच जप्त होतो असे नाही, फिर्यादीचाही होतो. एका तांडेलाचा, म्हणजे नौकेवरच्या प्रमुखाचा, फोन असाच अडकला होता. खलाशांचे नंबर, लिलावाचे हिशेब, बर्फ-डिझेलवाल्यांची देणी, सगळे त्यात. तो दर आठवड्याला ठाण्यात येऊन विचारायचा आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचे.

मुलींच्या बाबतीत हे सगळे फार जड जाते. फोटोंची मोडतोड करून छळणाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला मुलगी येते, सोबत आई असते. आपण म्हणतो, पुराव्यासाठी फोन द्यावा लागेल. ती फोन हातातून सोडत नाही. विचारते, ‘मॅडम, हा किती जण बघणार?’ या प्रश्नाला मी खरे उत्तर देऊ शकत नव्हते. तिच्या फोनमध्ये तिचे सगळे आयुष्य असते आणि गुन्ह्याशी संबंध असतो त्यातल्या एका संभाषणाचा, दोन-चार चित्रांचा. नीट शिकलेला तपासनीस फोनची प्रत काढतो, ठरावीक काळातला, ठरावीक नंबरशी झालेला व्यवहारच वेगळा करतो, आपण काय उघडले याची नोंद ठेवतो. न शिकलेला माणूस फोन हातात घेऊन अंगठ्याने गॅलरी सरकवत बसतो. त्यात पुरावाही बिघडतो आणि त्या मुलीची लाजही जाते. किती तरी आया फिर्याद न देता मुलीला घेऊन परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. जिल्ह्यात एक जरी शिकलेली बाई या कामावर असती, तर त्यातल्या कितीजणी थांबल्या असत्या!

आता कायदाही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. कलम १७६ (३) म्हणते की सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा. राज्यांना यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे, आणि तोपर्यंत स्वतःची सोय नसेल तर दुसऱ्या राज्याची सोय वापरण्याची तरतूदही आहे. दोषारोपपत्रासोबत इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाकोणाच्या ताब्यातून गेले याचा क्रम द्यावा लागतो. हा क्रम म्हणजे आम्हा मुद्देमाल कारकुनांचे रजिस्टरच. फरक एवढाच की आता तो कोर्टात ओळीओळीने तपासला जाणार.

साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र त्याहून कठीण आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश मूल्य लिहायचे असते. वाचकांसाठी सांगते, फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर गणिताची एक प्रक्रिया केली की आकडे-अक्षरांची एक ठरावीक लांबीची ओळ मिळते, तेच हॅश. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती सगळी ओळ बदलते. जप्तीच्या वेळचे हॅश आणि कोर्टात उघडतानाचे हॅश जुळले, तर मधे कुणी हात लावला नाही हे सिद्ध होते. लिफाफ्यावरच्या लाखेच्या सीलचेच हे काम, फक्त हे सील कुणाला पुन्हा वितळवून लावता येत नाही.

असले प्रमाणपत्र नसेल तर काय होते, ते आपल्याच राज्यातल्या एका खटल्याने देशाला दाखवले आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रश्न होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. १४ जुलै २०२० रोजी, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की मूळ उपकरण कोर्टात आणले नसेल तर प्रतीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. नव्या कायद्याने त्यावर तज्ज्ञाची सही वाढवली. सही करणारा तज्ज्ञ मात्र तालुक्याच्या ठाण्यापासून शेकडो किलोमीटर दूर.

कुणी म्हणेल, पोलिसांनाच प्रशिक्षण द्या. देतातच. मीही गेले आहे. मोठ्या पडद्यावर चित्रे दाखवतात, चहा होतो, प्रमाणपत्र मिळते. त्यातून फोन कसा धरायचा, काय करायचे नाही, एवढे कळते आणि तेही मोलाचे आहे. पण फोनच्या आत उतरणे हा दोन वर्षे मन लावून शिकण्याचा विषय आहे. एक उदाहरण देते. फोनमधली बरीच ॲप वेळ लिहून ठेवतात ती १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत किंवा त्याच्या हजाराव्या भागांत, आणि तीही जागतिक प्रमाणवेळेनुसार. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. हे ज्याला ठाऊक नाही तो १४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर एक वाजता गेलेला निरोप १३ तारखेच्या संध्याकाळी साडेसातला गेला, असे अहवालात लिहील. बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत तेवढाच धागा ओढेल आणि सगळा अहवाल उसवेल. किंवा उलटे होईल, एखादा निर्दोष माणूस त्या साडेपाच तासांमुळे अडकेल. मला या दुसऱ्या शक्यतेची जास्त भीती वाटते.

आणि कोकणातले गुन्हे कोकणाच्या वळणाचे असतात. इथे घरोघर म्हातारी माणसे एकटी राहतात, मुले मुंबईला. पोरांनी घेऊन दिलेला स्मार्टफोन हाच त्यांचा आधार आणि तिथूनच चोर आत शिरतो. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, त्यावर पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार झाली तर पैसे गोठवता येतात, हे मी गावात भेटेल त्याला सांगते. पण पैसे गोठले म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे होत नाही, त्यासाठी पुरावा कुणीतरी वाचावा लागतो. समुद्रावर तर निराळेच जग आहे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, परराज्यांतल्या मोठ्या नौकांवरून दर हंगामात वाद होतात, जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने गस्त सुरू आहे. नौका नेमकी कुठे होती, बारा सागरी मैलांच्या आत की बाहेर, याचा पुरावा तिच्या जीपीएस यंत्रात साठलेला असतो. ते यंत्र उघडून तिचा माग काढणे हेसुद्धा डिजिटल फॉरेन्सिकच. लहान होडीवाल्याच्या पोटाचा प्रश्न त्यावर अवलंबून आहे.

मोठ्या धोक्याचा अनुभवही किनाऱ्याने घेतला आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा संगणक-विषाणू जगभर पसरला आणि जहाज वाहतुकीतल्या मर्स्क कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या, तेव्हा उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून झाली आणि तडाखा रायगड जिल्ह्यात बसला. आता किनाऱ्यावर बंदरे, वीज प्रकल्प वाढतच आहेत. त्यांची राखण करायला बाहेरून माणसे येतील. ती राखण आपल्या मुलांना का करता येऊ नये?

मुलांमध्ये कुवत नाही असे कुणी म्हणू नये. आमच्या पाखाडीतल्या एका मुलीचे सांगते. वडील नौकेवर खलाशी, आई मासळी सुकवते. तालुक्याच्या कॉलेजातून तिने संगणकशास्त्रात बी.एस्सी. केले. मी काय काम करायचे हे तिला लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे फॉरेन्सिकची ओढ तिला तिथूनच लागली. ‘ऑटॉप्सी’ नावाचे एक फुकट सॉफ्टवेअर मिळते, ते तिने भावाच्या जुन्या लॅपटॉपवर चढवले. एके दिवशी माझ्याकडे आली, म्हणाली, ‘काकी, तुमच्याकडचा एखादा जुना पेनड्राइव्ह द्या.’ मी दिला. माझ्या मते तो रिकामा होता. तिने आधी त्याची हुबेहूब प्रत काढली, प्रतीचे हॅश वहीत लिहिले आणि मग मूळ पेनड्राइव्ह माझ्या हातात परत दिला. म्हणाली, ‘आता याला हात लावायचा नाही, काम प्रतीवर.’ तासाभराने पडद्यावर माझ्या भाच्याच्या लग्नाचे पुसून टाकलेले फोटो एकेक करून वर येऊ लागले. फोटोंपेक्षा मला तिच्या वहीतली ती नोंद जास्त भावली. तारीख, वेळ, हॅश, सही. मूळ वस्तूला हात न लावण्याची ही शिस्त खात्यात अंगी बाणायला माणसांना वर्षे लागतात.

तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळण्यासारखा होता. फी, वसतिगृह, जेवण आणि या कामाला पेलेल असा लॅपटॉप, असा दोन वर्षांचा हिशेब घरच्यांनी मांडला आणि विषय तिथेच संपला. आज ती एका दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देते.

तिच्यासाठी मी शिष्यवृत्त्या शोधल्या. फॉरेन्सिक सायन्स हा ‘नेट’ परीक्षेचा विषय आहे आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पण ती मिळते पीएच.डी.साठी, म्हणजे एम.एस्सी. झाल्यावर. ‘गेट’ उत्तीर्ण होणाऱ्यांना महिना १२,४०० रुपये मिळतात, ते एम.टेक.ला. बी.एस्सी. करून एम.एस्सी.ला जाणारी मुलगी या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे, महिना १५,००० रुपये, वर्षातले १० महिने. ती चांगली आहे, पण देशभरात सगळ्या विषयांना मिळून १०,००० जागा आणि निवड पदवीच्या गुणांवर. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांचा मुख्य भर पीएच.डी.वर. गरज आहे ती एम.एस्सी.च्या त्या दोन वर्षांना हात देण्याची, आणि तिथेच हात आखडता घेतलेला.

शिकायला जायचे कुठे, हाही प्रश्न आहेच. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ संसदेच्या २०२० च्या कायद्याने उभे राहिले आणि त्याचे एक संकुल गोव्यात फोंड्याला आहे (आपले फोंडाघाट नव्हे). सावंतवाडी-कुडाळच्या मुलांना ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पण मधे राज्याची सीमा आहे. म्हणून अधिछात्रवृत्ती विद्यार्थ्याच्या नावे असावी, संस्थेच्या नावे नको. सिंधुदुर्गातली मुलगी फोंड्याला शिकली तरी तिचे पैसे थांबता कामा नयेत.

शिकवण्याचा खर्च सरकारने करायचा आणि विद्यार्थ्याने बदल्यात सेवा द्यायची, यात नवे काही नाही. अमेरिकेत ‘सायबरकॉर्प्स’ नावाची योजना २००० सालच्या सुमारास सुरू झाली. सायबर सुरक्षा शिकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत फी आणि निर्वाहभत्ता मिळतो आणि जितका काळ शिष्यवृत्ती घेतली तितका काळ सरकारी सेवा करावी लागते. आपल्याकडे सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना सेवेचे बंधपत्र असतेच. आणि आमच्या भागाला तर याहून जुने उदाहरण ठाऊक आहे. शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव, लहानपणी काही काळ ते दापोलीत होते. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची, महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करार होता, परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा. १९१७ मध्ये ते सेवेसाठी बडोद्याला गेलेही. पण त्या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले आणि त्यांना मुंबईला परतावे लागले. शिष्यवृत्ती देणाऱ्याने शब्द पाळला होता, घेणारा शब्द पाळायला तयार होता, पण माणसाला सन्मानाने काम करता येईल अशी जागाच समाजाने ठेवली नव्हती. देशाच्या इतिहासातला तो कलंक मोठा आहे, त्याची बरोबरी कशाशी करण्याचा माझा हेतू नाही. मी त्यातून एवढेच घेते की बंधपत्र दोन्ही बाजूंनी असावे लागते.

अमेरिकेच्या योजनेचेही २०२५ मध्ये तेच दुखणे झाले. तिथल्या केंद्र सरकारने नोकरभरती गोठवली आणि शिकून तयार झालेल्या मुलांना सेवेसाठी जागाच मिळेनात. सेवा दिली नाही तर शिष्यवृत्ती कर्ज होऊन अंगावर येते, असा तिथला नियम. आपण योजना करताना आधी पदे मंजूर करावीत, मग विद्यार्थी निवडावेत. पद नसेल तर बंधपत्र आपोआप रद्द व्हावे आणि विद्यार्थ्याकडून एक रुपयाही मागू नये. हे कागदावर आले नाही तर गरीब घरची मुले सहीच करणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असेल.

पैशाचा हिशेब मी माझ्या परीने मांडला आहे. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतून दरवर्षी प्रत्येकी दोन विद्यार्थी घेतले तर दहा होतात. महिना २०,००० रुपये निर्वाह धरला तर एका तुकडीला वर्षाचे २४ लाख. शिक्षण दोन वर्षांचे, म्हणजे कोणत्याही वर्षी दोन तुकड्यांचे ४८ लाख. वर फी आणि प्रत्येकाला एक दमदार लॅपटॉप. जिल्हा नियोजन समित्यांनी मनावर घेतले तर पाच जिल्ह्यांना हा खर्च जड नाही. किनाऱ्यावरच्या मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचेच असतात आणि शिक्षण त्यात बसते. त्यांनी लॅपटॉप आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतली यंत्रे द्यावीत. विद्यार्थ्यांची निवड आणि नेमणूक मात्र सरकारच्याच हातात राहावी, कारण उद्या त्याच कंपनीविरुद्धचा पुरावा तपासायची वेळ येऊ शकते.

निवड केवळ गुणांवर नको. एक प्रात्यक्षिक ठेवा, उमेदवार नोंद कशी करतो ते बघा. मराठी पंचनामा वाचून त्यातली त्रुटी सांगायला लावा. इथल्या फोनमधले निरोप मालवणीत असतात, कोकणी मुसलमानांच्या बोलीत असतात, निम्मे आवाजाचे संदेश असतात. इथलाच माणूस ते एका दमात ऐकून समजतो. दोन वर्षांच्या शिक्षणापोटी तीन वर्षांची सेवा घ्यावी आणि या सेवेत त्या मुलांना बंदोबस्ताला, सभांना, व्हीआयपी दौऱ्याला उभे करू नये. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कुशल माणूस हाताशी आला की त्याला इतर कामाला जुंपायची सवय खात्याला आहे, त्यात माणूस कंटाळतो आणि खासगी कंपनीत निघून जातो. दहापैकी निम्म्या जागा मुलींना ठेवाव्यात. कारण वर लिहिले आहेच.

पाचही जिल्ह्यांच्या आमदारांना आणि पालकमंत्र्यांना माझी हात जोडून विनंती आहे की येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हा विषय मांडा. जाहिरात पदवीच्या निकालाच्या आधी काढा. निकाल लागल्यावर आठ दिवसांत घरचे लोक मुलीचे पुढचे ठरवून मोकळे होतात, त्यानंतर निघालेल्या जाहिरातीचा तिला उपयोग नाही. संपादक महोदय, आपणही एक करावे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना आज ज्या काही शिष्यवृत्त्या मिळू शकतात त्यांची माहिती, अर्जाच्या मुदतीसह, प्रवेशाच्या दिवसांत जिल्हा पानावर छापावी. तालुक्याच्या कॉलेजांच्या सूचनाफलकावर ते कात्रण लावण्याचे काम मी आणि माझ्या निवृत्त सहकारी करू.

आपली,
एक निवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे)